सावली कोणाच्या बाजूला? पी अँड ओच्या बोटींवरचं जगणं

(भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अं' बरेचसे गाळलेत, काही मुद्दाम ठेवलेत.)

मागचा भाग आला त्या रात्री मडगावहून एका मुलीची व्हॉइस नोट आली. ती म्हणते, "माझे पणजोबा पी अँड ओच्या बोटीवर होते. घरात सगळे सांगतात की ते 'सलून'मध्ये होते. म्हणजे ते न्हावी होते का?"

खरं सांगू? मला हसू आलं. मग वाटलं, हसण्यासारखं काय आहे त्यात, आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत असणार? तर नाही, पणजोबा न्हावी नव्हते. पण ते कोण होते हे सांगायचं तर आधी सगळी बोट वरपासून खालपर्यंत फिरावी लागेल. तेवढा वेळ द्या मला. चहा आणून ठेवा.

आधी एक शब्द. लायनर. आज मुंबईहून क्रूझ निघतं, तसली ही बोट नव्हे. क्रूझ म्हणजे सहलीची बस, फिरवून परत आणून सोडणारी. लायनर म्हणजे एसटी. ठरलेला मार्ग, ठरलेलं वेळापत्रक, प्रवासी असोत नसोत निघायचं. पी अँड ओ म्हणजे पेनिन्सुलर अँड ओरिएंटल ही 1837 साली सुरू झालेली कंपनी. तिच्याकडे हिंदुस्थानच्या टपालाचं कंत्राट होतं. म्हणजे गोरे साहेब, त्यांच्या मॅडम, त्यांचे घोडे-कुत्रे हे सगळं ठीक, पण बोट वेळेवर पोचली पाहिजे ती टपालासाठी. लंडनजवळच्या टिलबरीहून निघायचं, जिब्राल्टर, मार्सेलिस, पोर्ट सैद, सुएझ कालवा, तांबडा समुद्र, एडन आणि मग मुंबई. 1930च्या सुमारास पूर्ण प्रवासाला साधारण तीन आठवडे लागायचे. ज्याला घाई असेल तो लंडनहून आगगाडीने मार्सेलिसला जायचा आणि तिथे बोट पकडायचा. त्याचे दोन आठवड्यांत भागायचे. मुंबईत बोट बॅलार्ड पिअरला लागायची आणि धक्क्यावरच गाडी उभी असायची, सामान थेट डब्यात.

मार्सेलिस म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली असणार. बरोबर. 1910च्या जुलैमध्ये सावरकरांनी ज्या 'मोरिया'वरून उडी मारली, ती पी अँड ओचीच बोट. शौचकुपाच्या गोल खिडकीतून ते समुद्रात उतरले. ती गोल खिडकी लक्षात ठेवा, थोड्या वेळाने परत लागेल.

आता एवढ्या मोठ्या विषयात हरवायला नको म्हणून मी एकच प्रश्न हातात धरतो. या बोटीवर कोणाला किती उकडत होतं? ऐकायला फालतू वाटतो प्रश्न. पण मी जितकं वाचत गेलो तितकं वाटायला लागलं की तिकिटाचा वर्ग, पगार, झोपायची जागा, कोणावर खापर फुटणार, सगळं या एका प्रश्नाला बांधलेलं आहे.

सुरुवात 'पॉश'पासून करू. पॉश एरिया, पॉश सोसायटी, पॉश हॉटेल, आपण दिवसातून चारदा म्हणतो. या शब्दाची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते. श्रीमंत लोक पी अँड ओचं तिकीट काढताना हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची केबिन मागायचे. बोटीच्या डाव्या बाजूला इंग्रजीत म्हणतात पोर्ट आणि उजवीला स्टारबोर्ड. म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्याची आद्याक्षरं घ्या, झालं पॉश. तिकिटावर तसा शिक्का मारायचे म्हणे.

शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कोणाला मिळालेलं नाही. शब्दकोशवाले ही व्युत्पत्ती मानत नाहीत. थोडक्यात, गोष्ट बनावट.

पण गंमत बघा, शिक्का खोटा असला तरी ऊन खरं आहे. सुएझहून खाली तांबड्या समुद्रात शिरलात की बोट साधारण आग्नेयेला तोंड करून चालते. मग डावी बाजू पूर्वेकडे, तिला सकाळचं कोवळं ऊन. उजवी बाजू पश्चिमेकडे, तिला दुपारभर सूर्य. आणि केबिनची भिंत म्हणजे लोखंडी पत्रा. तो दुपारी तापला की मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखा. पुढे एडनवरून मुंबईकडे वळलात की डावी बाजू उत्तरेला, तिथे हिवाळ्यात दिवसभर सावली. म्हणजे येताना डावी बाजू थंड. परतताना सगळं उलट.

आता आपल्या खलाशांच्या बोलीत पोर्टला म्हणायचे 'डावा' आणि स्टारबोर्डला 'जमना'. जमना म्हणजे उजवा, गुजरातीतला शब्द. आणि साहेबाचं 'आउट' म्हणजे आपलं 'घरी येणं'. त्यामुळे मुंबईच्या माणसाला तीच युक्ती वापरायची तर 'जाताना जमना, येताना डावा'. याचा काही पॉशसारखा शब्द होत नाही, पण सावली तीच.

तर ही झाली पहिल्या वर्गाची सावली. त्यांचा दिवस कसा जायचा? सकाळी बाथरूमचा कर्मचारी दार वाजवून सांगणार, साहेब, तुमची आंघोळीची वेळ झाली. टबात गरम पाणी, पण समुद्राचं, खारं. साध्या साबणाला त्यात फेस येत नाही. म्हणून गोड्या पाण्याचं एक छोटं घमेलं टबावर आडवं ठेवलेलं असायचं, अंगावरचं मीठ धुवायला. मग नाश्ता. अकरा वाजता डेकवर कपातून मटणाच्या सूपसारखा पातळ गरम रस फिरवायचे. हो, उकाड्यातसुद्धा. पद्धत ती पद्धत. दुपारच्या जेवणात करी ठरलेली. संध्याकाळी कपडे बदलून, टाय लावून जेवण.

आणि जुगार. मला हा भाग फार आवडतो. रोज दुपारी बारा वाजता अधिकारी जाहीर करायचे की गेल्या चोवीस तासांत बोट किती मैल चालली. त्या आकड्यावर आदल्या दिवशी पैसे लागायचे. संभाव्य आकड्यांचा चक्क लिलाव व्हायचा आणि ज्याचा आकडा बरोबर येईल त्याला सगळी रक्कम. सव्वीस अक्षरांची भारदस्त नावं असलेले सरकारी अधिकारी त्या वेळी फलकाशी बघण्यासारखी गर्दी करत असणार, नाही का?

हिवाळ्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीत लग्नाच्या वयाच्या बऱ्याच इंग्रज मुली असायच्या. हिंदुस्थानात अविवाहित गोरे अधिकारी भरपूर आणि मुली कमी. या मुलींच्या तांड्याला लोक चेष्टेने 'फिशिंग फ्लीट', मासेमारीचा ताफा म्हणायचे. आणि वसंतात लग्न न ठरता परतणाऱ्यांना 'रिटर्न्ड एम्प्टीज', म्हणजे रिकाम्या परतलेल्या बाटल्या. ऐकायला मजेशीर वाटतं, पण एकदा त्या मुलीच्या जागी उभं राहून ऐका.

पोर्ट सैदला सायमन आर्ट्झ नावाचं मोठं दुकान होतं. तिथे येताना साहेब लोक सोला टोपी विकत घ्यायचे. ऊन लागलं तर गोरा माणूस मरतो अशी पक्की समजूत. सुएझच्या अलीकडे उघडं डोकं, पलीकडे टोपी. कायमचे घरी परतणारे काहीजण ती टोपी समारंभाने समुद्रात फेकून द्यायचे.

मग यायचा तांबडा समुद्र, आणि इथे पैशाचं फारसं चालायचं नाही. वारा बोटीच्या मागून, बोटीच्याच वेगाने आला की डेकवर हवा ठप्प. पानही हलायचं नाही म्हणतात तसं, पान असतं तर. अशा वेळी काही कप्तान थोडा वेळ बोट उलटी फिरवायचे, फक्त आत हवा खेळावी म्हणून. रात्री स्टुअर्ड गाद्या उचलून डेकवर अंथरायचे, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. ज्यांच्या केबिन खालच्या मजल्यावर पाण्याच्या जवळ, त्यांच्या गोल खिडक्या समुद्र उसळला की बंद कराव्या लागायच्या. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात तर दिवसच्या दिवस. सांगितलं होतं ना, ती खिडकी परत येईल.

यावर उपाय म्हणून छतात नळ्या घालून हवा सोडायला लागले. ग्लासगोच्या थर्मोटँक कंपनीने त्या नळीच्या टोकाला एक फिरवता येणारी गोल तोटी बसवली. हवी त्या दिशेला वळवा, झोत अंगावर घ्या. तिचं नाव ठेवलं 'पंखा लूव्हर'. पंखा! आपला पंखा. दोरीने पंखा ओढणारा माणूस गेला, पण नाव राहिलं. विमानात किंवा शिवनेरीत डोक्यावर जी गोल तोटी फिरवता ना, ती याच घराण्यातली.

1929 साली 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' आली. तिचं नाव आधी 'ताजमहाल' ठेवणार होते. तिच्यात पी अँड ओचा पहिला बंदिस्त पोहण्याचा तलाव होता. आणि इंजिन विजेवर चालणारं, म्हणजे वाफेने जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवर मोटर. त्यामुळे थरथर कमी, आवाज कमी. याच बोटीने डॉ. आंबेडकर 1930च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला ते 'मुलतान'ने गेले, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1931ला, गांधीजी 'राजपुताना'ने. तिन्ही बोटी पी अँड ओच्या. ज्या राज्याशी वाद घालायचा त्याच राज्याच्या टपालबोटीने जायचं.

गांधीजींचं तिकीट दुसऱ्या वर्गाचं. दुसरा वर्ग साधारणपणे बोटीच्या मागच्या भागात, पंख्याच्या वर. इथे पंखा म्हणजे पाणी कापणारा. त्यामुळे हादरे जास्त. गांधीजी केबिनमध्ये थांबलेच नाहीत फारसे, डेकवरच्या एका कोपऱ्यात राहिले, तिथेच झोपले. बरोबरच्यांनी फार सामान आणलंय म्हणून रागावले आणि एडनहून ट्रंका परत पाठवायला लावल्या. मला यात तत्त्वाइतकाच शहाणपणाही दिसतो. ऑगस्टच्या अखेरीस, तांबड्या समुद्रात, डेकवर झोपणारा माणूस केबिनवाल्यापेक्षा सुखी असणार.

चला, आता खाली उतरू. तुम्ही ऐकताय त्या अर्ध्याहून जास्त इतिहासात बोट इथेच संपते, डेकवर. पण पी अँड ओच्या मुंबईच्या बोटीवर बहुतेक कर्मचारी हिंदुस्थानी होते. अधिकारी ब्रिटिश, बाकी आपली माणसं. त्यांना म्हणायचे 'लस्कर', आपल्या 'लष्कर' शब्दाचाच चुलता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांच्या आसपास लोक होते.

कामाची वाटणी जातीसारखी, किंबहुना जात-धर्म-गाव बघूनच केलेली. डेकवर, म्हणजे दोरखंड, रंगकाम, होड्या, सुकाणू या कामाला रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी. त्यांचा मुकादम तो सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल. हो, तुमच्या वर्गात जो तांडेल किंवा सारंग आडनावाचा मुलगा होता ना, तेच शब्द. वर खेचायला ओरडायचं 'हबेस', खाली सोडायला 'आर्या'. 'आर्या' आलं पोर्तुगीजमधून. त्या डेकवर चालायची ती भाषा हिंदुस्थानी, पोर्तुगीज, मराठी, गुजराती, इंग्रजी यांची खिचडी होती, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना ती शिकावी लागायची. 1811 साली तिचा कोश छापलाय, थॉमस रोबक नावाच्या माणसाने.

इंजिनात पंजाबी आणि पठाण. त्यांच्याकडे येतोच.

आणि तिसरा विभाग, सलून. हे घे ग, तुझं उत्तर. बोटीवर सलून म्हणजे जेवणाचा मोठा दिवाणखाना, आणि सलून विभाग म्हणजे जेवण, केबिन, बाथरूम, भांडीकुंडी सांभाळणारी सगळी माणसं. स्टुअर्ड, स्वयंपाकी, पॅन्ट्रीवाले. पी अँड ओवर हे जवळजवळ सगळे गोंयकार, सासष्टी-बारदेशचे ख्रिस्ती. गोवेकरच का? कारण साधं आहे. साहेबाच्या टेबलावर गोमांस, डुकराचं मांस आणि दारू, आणि या तिन्हींना हात लावायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. वर पोर्तुगीज प्रजा, चर्चच्या शाळेत थोडं वाचन, थोडं संगीत शिकलेली. तेव्हा पणजोबा स्टुअर्ड असतील, स्वयंपाकी असतील, किंवा तो सकाळी दार वाजवून 'आंघोळीची वेळ झाली' सांगणारा माणूस असतील.

बोट मिळेपर्यंत ते राहायचे मुंबईत, 'कूड'मध्ये. धोबी तलाव, माझगाव भागात हे गावोगावचे क्लब होते. एका गावाचा एक क्लब. मोठी खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, एक वेदी आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. भाडं अगदी थोडं. आणि वाट पाहायची, आठवडे, कधी महिने. कारण बोटीवरची नोकरी सहज मिळत नव्हती. भरती करणाऱ्या दलालाचा, सारंगाचा, बटलरचा हात ओला करावा लागायचा. पहिल्या फेरीचा बराचसा पगार आधीच कर्जात गेलेला असायचा.

आता आणखी खाली. इंजिन. कोळशाच्या बोटीत बॉयलरपुढे उभा राहून कोळसा फेकणारा तो 'आगवाला'. बंकरमधून ढकलगाडीने कोळसा आणून देणारा 'कोयलावाला'. चार तास काम, आठ तास सुट्टी, परत चार तास. तांबड्या समुद्रात तिथलं तापमान 50 अंशांच्या वर जायचं. भट्टीचं दार उघडलं की झोत तोंडावर. उष्माघाताने आगवाले मेल्याच्या, आणि उकाड्याने भान हरपून समुद्रात उडी घेतल्याच्या नोंदी आहेत.

त्यांना एक विशिष्ट त्रास व्हायचा, पोटऱ्या, पोट, हात यांना जीवघेणे वळ. नावच पडलं होतं 'स्टोकर्स क्रॅम्प'. माणूस घामाने निथळतो, तहान लागते म्हणून बादलीभर पाणी पितो आणि मग वळ येतात. कारण घामाबरोबर मीठ जातं, आणि नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. 1920च्या दशकात खाणकामगारांवरच्या अभ्यासातून हे नीट कळलं. उपाय काय? पाण्यात चिमूटभर मीठ. उन्हात क्रिकेट खेळून आल्यावर आई देते ते लिंबू-मीठ-पाणी आठवा.

आता मुद्दा. या कामाला हिंदुस्थानी माणूस का? कंपन्या सांगायच्या की हे लोक उष्ण देशातले आहेत, त्यांना उकाडा सोसतो. तुमच्या लक्षात येतंय का? मे महिन्यात पंखा बंद झाला तर आपली काय अवस्था होते? 35 अंशांची सवय असलेल्याला 55 अंश सोसतात, हे कुठलं शास्त्र? पण या एका वाक्यावर सगळी इमारत उभी होती. उकाडा सोसतो म्हणून इंजिनात. उष्ण देशात गरजा कमी म्हणून पगार कमी, ब्रिटिश खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आणि थंडी सोसत नाही म्हणून करारात अटी, की हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या अमुक अक्षांशापलीकडे यांना न्यायचं नाही. वरून ही अट काळजीची वाटते. पण जास्त पगाराच्या मार्गांवरून त्यांना लांब ठेवायला ती सोयीची होती, आणि ब्रिटिश खलाशांच्या संघटनांनाही ती हवीच होती.

जागेचंही तेच. 1894च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला झोपण्याच्या जागेत किमान 72 घनफूट मिळायला हवे होते. हिंदुस्थानच्या कायद्याने लस्कराला 36. बरोबर निम्मे. 36 घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. आपल्याकडचं गोदरेजचं कपाट आडवं पाडा, साधारण तेवढं.

आणि मग येते 20 मे 1922ची संध्याकाळ. 'इजिप्त' नावाची पी अँड ओची बोट आदल्या दिवशी टिलबरीहून मुंबईला निघाली होती. प्रवासी थोडेच, पन्नाससुद्धा नाहीत. कर्मचारी त्यांच्या कितीतरी पट. पोटात दहा लाख पौंडांच्या वर किमतीचं सोनं-चांदी. फ्रान्सच्या पश्चिम टोकाजवळ दाट धुक्यात 'सेन' नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीने तिला बाजूने धडक दिली. 'सेन'चं नाक बर्फ फोडण्यासाठी मजबूत केलेलं होतं. वीस मिनिटांत 'इजिप्त' गेली. ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यांतले बहुतेक कर्मचारी.

दुसऱ्या दिवसापासून लंडनच्या वर्तमानपत्रांत एकच ओरड. लस्कर घाबरले, होड्यांवर तुटून पडले, प्रवाशांना मागे टाकलं. काही वाचलेल्या प्रवाशांनी तसं सांगितलं, काहींनी उलटही सांगितलं. गोंधळ झाला यात शंका नाही. पण चौकशी बसली तेव्हा निघालं काय? संकटात होड्या कशा उतरवायच्या, कोण कुठे उभं राहायचं, याचा सराव नीट घेतलेलाच नव्हता. दोष कप्तान आणि मुख्य अधिकाऱ्यावर ठेवला गेला. कप्तानाचं प्रमाणपत्र काही महिन्यांसाठी निलंबित झालं.

पण विचार करा, बातमी वाचलेल्या किती लोकांनी निकाल वाचला असेल? आपण ट्रोलिंग बघतो रोज. पहिली पोस्ट लाखभर लोकांपर्यंत जाते, खुलासा शंभरांपर्यंत. लस्कर संकटात भरवशाचा नाही हे पुढेही म्हटलं जात राहिलं. सोनं मात्र लोक विसरले नाहीत. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी चारशे फूट खोल जाऊन ते वर काढलं. त्यावर पुस्तकं आहेत. बुडालेल्या आगवाल्यांवर नाहीत.

त्यानंतर हळूहळू दोन गोष्टी बदलल्या. एक, बोटी कोळशावरून तेलावर आल्या. 1931-32मध्ये 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएर्ड' आल्या, पांढऱ्याशुभ्र. आधीच्या बोटी काळ्या असायच्या, पांढरा रंग ऊन परतवतो, आलं का लक्षात? या दोघींना तीन-तीन धुराडी होती, त्यांतलं खरं फक्त मधलं. पुढचं आणि मागचं नुसतं शोभेचं, कारण जास्त धुराडी म्हणजे जास्त ताकद असं प्रवाशांना वाटायचं! युद्धानंतर खोटी काढून टाकली. तेल आल्यावर फावडं गेलं, पण त्याबरोबर आगवाल्यांच्या नोकऱ्याही गेल्या.

दोन, 1939. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश खलाशांना धोक्याचा भत्ता मिळाला. हिंदुस्थानी खलाशांना? पाणबुडी तर दोघांनाही सारखीच बुडवणार. त्या शरद ऋतूत ब्रिटनच्या बंदरांत, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात उभ्या असलेल्या बोटींवर आपल्या खलाशांनी काम थांबवलं. मागण्या काय? पगार वाढवा, युद्धभत्ता द्या, थंडीसाठी गरम कपडे द्या. शेकडोंना तुरुंगात टाकलं. करार मोडला म्हणून. पण यावेळी माणसांची गरज इतकी होती की मालकांना वाकावं लागलं. युद्ध संपेपर्यंत पगार काही पटींनी वाढले, ब्रिटिश खलाशाच्या बरोबरीला मात्र आले नाहीत. ते 'थंडी सोसत नाही'वाले अक्षांशही युद्धात कोणाला आठवले नाहीत. त्या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी खलाशी मेले. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' 1942मध्ये ओरानजवळ बुडाली, 'राजपुताना' त्याआधी 1941मध्ये आइसलँडच्या पश्चिमेला. म्हणजे गांधीजी ज्या डेकवर झोपले तो आज उत्तर अटलांटिकच्या तळाशी आहे.

पुढचं झटपट. युद्धानंतर विमानं आली, 1967ला सुएझ बंद झाला. 'स्ट्रॅथएर्ड' 1961ला आणि 'स्ट्रॅथनेव्हर' 1962ला हाँगकाँगला भंगारात गेली.

आता मडगावच्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांना एक काम. घरात कोणी बोटीवर होतं असं ऐकलं असेल, दापोलीला, राजापूरला, बारदेशात, तर जुन्या ट्रंकेत 'नली' शोधा. खलाशी आपल्या नोकरीच्या दाखल्याला नली म्हणायचे. त्यात प्रत्येक फेरीची एक ओळ असते. बोटीचं नाव, हुद्दा, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेवटी वागणुकीचा शेरा. हुद्दा आधी बघा. सारंग आहे, आगवाला आहे की सलून आहे, त्यावरून कळेल ते बोटीच्या कोणत्या मजल्यावर होते. मग तारखा बघा, जून ते सप्टेंबरमधल्या असतील तर तांबड्या समुद्राचा सगळ्यात वाईट काळ. बोटीचं नाव मला पाठवा, फोटोसकट. पुढच्या एखाद्या भागात ती बोट कोणती, कोळशावरची की तेलावरची, हे आपण मिळून शोधू. नंबर खाली दिलाच आहे. भेटू पुढच्या रविवारी.